तळटीपांमधून उगवलेला नकाशा

वैद्यकातले शोधलेख इतक्या वेगाने वाढत होते की त्यांची सूची करणारी माणसे कायम मागे पडत. हे काम यंत्रांवर सोपवता येईल का, याचा तपास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात चालला होता. १९५१ मध्ये तिथे यूजीन गारफील्ड नावाचा रसायनशास्त्र शिकलेला, पंचविशीतला तरुण रुजू झाला.

गारफील्ड यांना लवकरच दिसले की खरी अडचण वेगाची नाही. सूचीकार लेख वाचतो, त्याला एक विषय चिकटवतो आणि पुढच्या लेखाकडे वळतो. पण आज एका आजाराच्या खात्यात टाकलेला लेख उद्या भलत्याच शाखेला उपयोगी पडला, तर त्या शाखेतल्या माणसाला तो सापडणार कसा?

औषधशास्त्रज्ञ चॉन्सी लीक यांनी त्यांना सुचवले, आढावा लेख नीट वाचून पाहा. गारफील्ड ते वाक्यावाक्याने वाचू लागले आणि त्यांच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक वाक्याला कुठल्या ना कुठल्या जुन्या लेखाचा संदर्भ जोडलेला आहे. म्हणजे ते वाक्य हेच त्या जुन्या लेखाचे वर्णन! आणि ते केले होते विषय कोळून प्यायलेल्या संशोधकाने. सूचीकाराला जे जमत नव्हते, ते जगभरचे लेखक आपापल्या तळटीपांमधून रोज करत होते.

मग हे विखुरलेले ज्ञान गोळा कसे करायचे? उत्तर आले ते एका अनोळखी माणसाच्या पत्रातून. १९५३ मध्ये वेल्च ग्रंथालयातल्या या प्रकल्पाच्या परिषदेची बातमी वाचून विल्यम अडेर यांनी गारफील्ड यांना लिहिले. अडेर हे ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ या कंपनीतले निवृत्त अधिकारी. अमेरिकेतले वकील १८७३ पासून या कंपनीच्या याद्या वापरत आले होते. कोणताही जुना निवाडा काढा. त्याखाली तो पुढे कोणत्या खटल्यात मान्य झाला, कोणत्या खटल्यात फिरवला गेला, हे ओळीने सापडते. गारफील्ड ग्रंथालयात गेले, त्या याद्या उघडल्या, आणि सारे जुळले. लेखाच्या शेवटची संदर्भयादी मागे बघते. ती उलटी केली की पुढचे दिसू लागते.

१९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी ही कल्पना मांडली. उत्साहाने कोणी पुढे आले नाही. चार वर्षांनी नोबेलविजेते आनुवंशशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांचे पत्र आले: त्या सूचीचे पुढे काय झाले? त्या पत्राने गाडे हलले. सरकारी पैसा मिळाला, आधी आनुवंशशास्त्राची सूची झाली, आणि १९६३ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाहेर पडला: १९६१ सालची ६१३ नियतकालिके, सुमारे १४ लाख संदर्भ.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धागा मात्र वेगळाच आहे. त्याच १९६१ मध्ये गारफील्ड यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, आणि ती संरचनावादी भाषाशास्त्रात! रासायनिक नावांचे घटक वेगळे करून यंत्राने त्यावरून रेणुसूत्र काढावे, हा त्यांचा विषय होता. तिथला तो विभाग भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस यांचा. एखादा घटक कोणाकोणाच्या शेजारी येतो, यावरून त्याची जागा ठरवा, ही हॅरिस यांची पद्धत.

१९७३ मध्ये ही सूची काढणाऱ्या गारफील्ड यांच्या संस्थेतल्या हेन्री स्मॉल यांनी संदर्भांना नेमका असाच प्रश्न विचारला. कोणते दोन लेख पुन्हा पुन्हा एकत्र उल्लेखले जातात? अशा जोड्या मांडल्यावर कागदावर पुंजके उमटले, एकेक पुंजका म्हणजे संशोधनाची एकेक जिवंत शाखा. त्याच वर्षी मॉस्कोत इरिना मार्शाकोवा स्वतंत्रपणे तिथेच पोचल्या होत्या. आज ग्रंथमितीचे, म्हणजे अशा मोजणीचे, अभ्यासक संशोधनातले ताजे प्रवाह दाखवणारे जे रंगीत नकाशे काढतात, त्यांच्या मुळाशी हेच गणित आहे.

मग ही मोजणी भाषाशास्त्रापर्यंतही येऊन पोचली. १९७८ मध्ये कला आणि मानव्यविद्यांची सूची सुरू झाली. १९८० ते १९९२ या काळात तिच्यात सर्वाधिक उल्लेखले गेलेले हयात लेखक ठरले भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की. त्यांच्या पुढे होते मार्क्स, शेक्सपिअर, प्लेटो यांच्यासारखे दिवंगत. चॉम्स्की हेही हॅरिस यांचेच विद्यार्थी. एकाच विभागातल्या एकाने भाषाशास्त्र ढवळून काढले, दुसऱ्याने ते ढवळणे मोजण्याचे साधन दिले.

पण सूचीत जे घातले जाते तेवढेच नकाशावर उमटते. तिचा भर नियतकालिकांवर, त्यातही इंग्रजीवर. भाषाशास्त्राचा मोठा ऐवज तर पुस्तकांत आणि आपापल्या भाषांत असतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर इंग्रजीत लिहीत, तसेच मराठीतही कसून लिहीत. त्यांच्या ‘रुजुवात’ या मराठी पुस्तकाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे इंग्रजी लेखन या जागतिक नकाशांत शोधता येते. मराठीतला भाषाविचार तिथे जवळपास दिसत नाही. पण ही उणीव भरून काढता येईल. अडेर यांच्या कंपनीच्या याद्या हाताने रचलेल्या होत्या, त्यांना संगणक लागला नव्हता. मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’चे अंक १९८३ पासून निघत आले आहेत. त्यांतल्या लेखांचे संदर्भ कोणी तसेच उलटे लावले, तर मराठीत कोणता भाषाविचार कुठून कुठे गेला, हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसेल. ग्रंथालयशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.