ही पिन कशात बसेल?

हैदराबादेत कोठीची गुजराती गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं हक्काचं ठिकाण. विवेकवर्धिनी या मराठी शिक्षणसंस्थेपासून चालत जाण्याजोगं. त्यामुळे जांबबाग, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरांना वायर-पिनांसाठी दुसरीकडे जावं लागलं नाही. सामान बदलत गेलं, पण एक प्रश्न कायम राहिला : ही पिन कशात बसेल?

टेपरेकॉर्डरच्या काळात गाठ पडायची ती जर्मन मानकाच्या पाच टोकांच्या गोल डिन पिनेशी. ॲम्प्लिफायरला मात्र आरसीए, म्हणजे अमेरिकेच्या रेडिओ कॉर्पोरेशननं १९३०च्या दशकात आणलेली पिन. दोन्हींचा मेळ नव्हता, तरी कुणी अडून बसत नसे. डिनमधलं मधलं टोक अर्थिंगचं, तीन आणि पाच नंबरची टोकं आवाज बाहेर देणारी, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून कॉर्ड बनवून मिळे. पिन परकी होती, पण तिचा नकाशा उघडा होता.

१९९२च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आलं आणि १२० हर्ट्झखालच्या घुमाऱ्याला स्वतंत्र वाट मिळाली. २००३ मध्ये हुसेनसागराजवळ प्रसाद्स आयमॅक्स उघडलं. तसा आवाज घरातही हवासा वाटू लागला आणि डीव्हीडीसकटचे होम थिएटर संच दिवाणखान्यांत आले. खरी अडचण इथून सुरू झाली. अनेक कंपन्यांनी स्पीकरना स्वतःच्याच घडणीच्या रंगीत, चपट्या पिना दिल्या. दोन-चार वर्षांत डीव्हीडीची लेन्स जायची आणि धडधाकट सबवूफर, म्हणजे घुमारा देणारा खोका, भंगारात निघायचा. मला याचं आजही वाईट वाटतं.

अशा खोक्याला विजेची वायर नसेल, तर आत बहुधा नुसता स्पीकर असतो, ॲम्प्लिफायर नसतो. जाणता कारागीर पिन कापायच्या आधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना टेकवतो. कोन ‘टप्प’ करून पुढे आला, तर ज्या तारेला सेलचं धन टोक लागलं होतं ती धन. मग मल्टिमीटर लावतो. या संचांतले काही स्पीकर तीनच ओहमचे असत. सहा-आठ ओहमसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरला असा स्पीकर जोडला, तर ॲम्प्लिफायर तापतो, जळूही शकतो. म्हणून तीन ओहम पेलणारा, आणि वरचे सूर गाळणारा फिल्टर असलेला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. पिन बदलणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम.

कॉम्प्युटरच्या २.१ (दोन स्पीकर, एक सबवूफर) संचांची तऱ्हा उलटी. लॉजिटेकच्या झेड-६२३ मध्ये ॲम्प्लिफायर सबवूफरच्याच पोटात, पण बटणं उजव्या स्पीकरवर, आणि दोघांना जोडणारी पिन मॉनिटरच्या व्हीजीएसारखी पंधरा टोकांची. उजवा स्पीकर हरवला की सबवूफर मुका.

आता साउंडबार आले. बिनतारी सबवूफर बहुधा आपल्याच बारशी बोलतो, तिथे कापायला पिनही उरली नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. मोबाइल चार्जिंगसाठी टाइप-सीचं भारतीय मानक आलं. स्पीकरच्या पिनेचा नकाशा माहितीपुस्तिकेत छापणं कंपन्यांना याहून अवघड नाही, आणि ते सक्तीचं व्हायला हवं. तोवर सबवूफर घेताना आधी त्याची पाठ बघा : साधं आरसीए इनपुट असेल तरच पैसे मोजा.