भरीतला जोडीदार हवा

आमच्या दोन गिनीपिगांपैकी पुरी मे महिन्यात गेला. आमच्या देवपुरात त्या आठवड्यात पारा चव्वेचाळिसाच्या घरात होता. आम्ही अमळनेरला लग्नाला गेलो, मागे वीज गेली आणि कूलर बंद पडला. गिनीपिगला घाम येत नाही. अंगावर दाट केस असतात, आणि अठ्ठावीसच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. संध्याकाळी परत आलो तेव्हा पिंजऱ्यात भरीत एकटाच धापा टाकत होता. चूक आमचीच.

पुढचे काही दिवस भरीत कोपऱ्यात बसून असायचा. कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की ‘व्हीक, व्हीक’ करून घर डोक्यावर घेणारा हा प्राणी आता मान वर करून बघेना. शेजारच्या आजी डोकावून म्हणाल्या, “हाऊ एकलाच शे का? मंग याले जोडीदार देखा ना.”

आजींनी एका वाक्यात सांगितलं ते स्वित्झर्लंडने २००८ साली कायद्यात लिहिलं. कळपात राहणारा प्राणी एकटा ठेवणं ही क्रूरताच, म्हणून तिथे गिनीपिग एकटा पाळता येत नाही, निदान दोन हवेत. पण त्यातून एक पेच निघाला. दोघांतला एक मेला की दुसऱ्यासाठी नवा आणायचा, मग पहिला मरतो, पुन्हा नवा. हे रहाटगाडगं थांबणार कसं? त्यावर झुरिकजवळच्या एका बाईंनी तोडगा काढला: मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला त्याच्या अखेरीपर्यंत सोबत म्हणून गिनीपिग द्यायचा, तो परत आला की घेतलेली काही रक्कम परत करायची. युरोपातल्या वर्तमानपत्रांना याची मोठी गंमत वाटली. शेजारून विरजण उसनं आणणाऱ्या आपल्या लोकांना वाटू नये.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी तो काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवला, तोही खाण्यासाठी. पेरूतल्या खेड्यांत अजूनही स्वयंपाकघराच्या जमिनीवर त्यांचा कळप मोकळा फिरतो. कुस्कोच्या चर्चमधल्या मार्कोस झापाताच्या अठराव्या शतकातल्या चित्रात तर येशूच्या शेवटच्या जेवणाच्या ताटात गिनीपिगच असल्याचं सांगतात. मुंबईत तो प्लेगच्या निमित्ताने गाजला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडत. उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढत आणि त्यांनाही प्लेग होई. रोग पिसवांमार्फत पसरतो हे ठरवण्यात या बापड्यांचा वाटा मोठा. ताटात असो की प्रयोगात, एकटा राहण्याची सवय त्याला कधीच नव्हती. मी दिवसातून दोन तास त्याच्याशी खेळतो, असं म्हणणाऱ्याने उरलेल्या बावीस तासांचाही हिशोब मांडावा.

पण लगेच जोडीदार आणायला धावू नये. गप्प बसलेला गिनीपिग दुःखी असेल तसा आजारीही असेल. दिवसभर काही खाल्लं नाही तर त्याचं आतडं मंदावतं आणि प्रकरण जिवावर बेततं. आम्ही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भरीतला रोज ठेवू लागलो. नऊशे ग्रॅम भरला, आणि आठवडाभर तेवढाच राहिला, तेव्हा जीव भांड्यात पडला. पेनिसिलीन हे या प्राण्याला विष आहे. त्यामुळे ‘कुत्र्याला दिलं होतं तेच थोडं देऊन बघू’ हा उद्योग कुणी करू नये. आपल्याकडे गुरं, बकऱ्या, कुत्री बघणारे डॉक्टर मिळतात. गिनीपिगचा सराव असलेला मात्र आधी फोनाफोनी करून, नाशिक-पुण्यापर्यंत शोधावा लागतो.

आम्हाला असे डॉक्टर सापडले, त्यांच्याकडेच कळलं की भरीत नर आहे. विकणाऱ्याने ‘दोन्ही माद्या’ म्हणून दिले होते. हे ओळखणं अवघड नाही: पोटाखाली हलकेच दाबलं तर नराचं इंद्रिय बाहेर येतं, मादीत ते नसतं. तरी दुकानांत घोटाळे होतात आणि घेणाऱ्याच्या घरी दोन महिन्यांत पाळणा हलतो. पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस आणि तोंडात दात घेऊनच येतात. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईबहिणींपासून वेगळं काढावं लागतं, इतकी घाई. त्यात मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल तर तिच्या कमरेचं हाड जुळून येतं आणि नंतरचं बाळंतपण जिवावर उठतं. म्हणून ‘एक नर, एक मादी, किती गोड’ हा विचार सोडावा.

सगळ्यात बरी जोडी म्हणजे खच्ची केलेला नर आणि मादी, पण शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवडे थांबावं लागतं, कारण तोवर नर बाप होऊ शकतो. दोन माद्यांचंही बहुधा जमतं. दोन मोठे नर मात्र क्वचितच. मोठ्या नराजवळ नर पिल्लू दिलं तर निभतं, कारण थोरला कोण हे वयच ठरवतं. ससा आणा, असा सल्ला आम्हाला चार जणांनी दिला. सशाची एक लाथ गिनीपिगचं हाड मोडू शकते, सशाच्या नाकातले जंतू त्याला न्यूमोनिया देऊ शकतात, आणि दोघांचं खाणंही वेगळं. गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व बाहेरून लागतं, सशाला नाही. आमच्याकडे त्यासाठी रोज ढोबळी मिरची असते.

नाशिकच्या एका घरात अशाच फसलेल्या ‘दोन माद्यां’ची पिल्लं होती. त्यातला पाच आठवड्यांचा नर ठरवला, पण उन्हाळ्यात आणला नाही. ऑगस्टमध्ये पाऊस पडून उष्मा उतरला, तेव्हा पहाटेच्या गाडीने खोक्यात गवत आणि काकडीचे काप घालून त्याला आणलं. आल्या आल्या भेट नाही. तीन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, एकाला हात लावला की हात धुऊन मगच दुसऱ्याला. गजकर्ण, पिसवा, सर्दी, जे काही असेल ते या मुदतीत बाहेर येतं.

भेट दोघांच्याही ओळखीची नसलेल्या जागी घ्यावी. आम्ही गॅलरी धुऊन चादर अंथरली, मधोमध वाळल्या गवताचा आणि कोथिंबिरीचा ढीग ठेवला. आडोसा म्हणून खोकं ठेवलं ते दोन्हीकडून उघडं, म्हणजे कुणी कुणाला कोंडणार नाही. भरीत ढुंगण हलवत, घुमत, त्या पिल्लाभोवती फेऱ्या मारू लागला. मग अंगावर चढला, मग दात कटकटवले. आमची लेक रडायला आली. पण हे भांडण नव्हे, मान ठरवणं आहे. दर वेळी मध्ये पडून वेगळं केलं तर तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. रक्त निघालं किंवा दोघं एकमेकांत गुंतून लोळू लागले तरच सोडवायचं, तेही हाताने नाही, केराची सुपली मध्ये घालून. दात बोटात खोलवर रुततात. मी जाड टॉवेल घेऊन तीन तास बसलो, त्याची गरज पडली नाही.

रात्री दोघांना धुतलेल्या, नव्याने मांडलेल्या पिंजऱ्यात सोडलं. नरांच्या जोडीला दहा चौरस फूट तरी जागा हवी, आणि घर, वाटी, बाटली सगळं दोन-दोन. दिवाळीच्या आठवड्यात मात्र असली ओळखपाळख करू नये, फटाक्याच्या आवाजाने दोघंही बिथरतात. पाडवा उलटू द्यावा.

लेकीने ‘पुरी’ हे नाव पुन्हा ठेवू दिलं नाही. पिल्लाने दुसऱ्याच दिवशी भरीतच्या तोंडातली कोथिंबिरीची काडी ओढून नेली, तेव्हा आपल्या फौजदारी डाळीवरून त्याचं नाव फौजदार पडलं. त्याचं वजन अजून भरीतपेक्षा कमीच. रात्री घरटं त्याचं. भरीत दाराशी, हनुवटी त्याच्या पाठीवर टेकवून झोपतो. दुसरं घरटं रिकामंच असतं.