नैसर्गिक पातळीपेक्षा कमी किरणोत्सार आणि सजीवांचा प्रतिसाद

प्रस्तावना

पृथ्वीवरील प्रत्येक सजीव अल्प प्रमाणातील नैसर्गिक किरणोत्सारात अखंड जगत असतो. अवकाशातून येणारे विश्वकिरण, खडकांतील युरेनियम व थोरियम, हवेतील रेडॉन वायू आणि खुद्द शरीरातील पोटॅशियम-४० हे त्याचे प्रमुख स्रोत होत. या सर्वांपासून मनुष्यास वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. तिचा सुमारे निम्मा भाग रेडॉनचा असतो. अधिक किरणोत्साराच्या दुष्परिणामांचा अभ्यास विपुल झाला आहे. परंतु नेहमीची ही मात्राच कमी केली तर काय घडेल, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे महत्त्व

हानी ही मात्रेच्या सरळ प्रमाणात असते आणि कितीही अल्प मात्रा पूर्णतः निर्धोक नसते, या गृहीतकावर किरणोत्सार-संरक्षणाचे नियम आधारलेले आहेत. तसे असेल तर नैसर्गिक पातळीच्या खाली हानी आणखी घटावयास हवी. याउलट, जीवसृष्टी किरणोत्सारातच उत्क्रांत झाली आहे. पोटॅशियम-४० चा अर्धायुष्यकाल सुमारे १२५ कोटी वर्षे असल्याने ३५० कोटी वर्षांपूर्वी त्याचे प्रमाण आजच्या सुमारे सातपट होते. पेशींच्या दुरुस्ती यंत्रणेस या सततच्या आघाताची सवय झाली असण्याची शक्यता म्हणूनच विचारात घ्यावी लागते.

भूगर्भातील प्रयोग

विश्वकिरण अडविण्यासाठी हे प्रयोग खोल भूगर्भात केले जातात. इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेवर सुमारे १४०० मीटर खडकाचे आच्छादन आहे. तेथे वाढविलेल्या यीस्टची रासायनिक आघातापासून बचाव करण्याची क्षमता घटल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पुढे तेथेच दीर्घकाळ वाढविलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये गॅमा किरणांमुळे होणारी उत्परिवर्तने अधिक दिसली.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सुमारे ६५० मीटर खोल मिठाच्या थरात डायनोकोकस रेडिओड्युरन्स या जीवाणूवर प्रयोग झाले. मिठात युरेनियम व थोरियम अत्यल्प असल्याने हे स्थान सोयीचे ठरले. हजारो ग्रे मात्रा सहन करणाऱ्या या जीवाणूची वाढ किरणोत्सार घटताच मंदावल्याचे २०११ च्या अहवालात नमूद आहे. ज्यास किरणोत्साराचे भय नाही, त्याने त्याच्या अभावास प्रतिसाद द्यावा, ही बाब लक्षणीय होय.

मात्र सर्व निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. फ्रान्समधील मोदान येथील भूगर्भ प्रयोगशाळेत ई. कोलाय जीवाणूंच्या अनेक पिढ्या वाढविल्या असता त्यांच्या जीवनक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही.

अडचणी

पहिली अडचण गणिती आहे. सुमारे १ मिलिग्रे मात्रेत सस्तन प्राण्याच्या पेशीकेंद्रकातून सरासरी एकच किरणमार्ग जातो. जीवाणू त्याहून कितीतरी लहान असल्याने नैसर्गिक पातळीवर एका जीवाणूस असा आघात अनेक वर्षांतून एखादा होईल. त्याची पिढी तर काही तासांतच बदलते. मग बहुसंख्य पेशींना ज्याचा स्पर्शही झाला नाही, त्याच्या अभावाची जाणीव त्यांना कशी व्हावी? आघात झालेल्या मोजक्या पेशी इतरांना रासायनिक संकेत देत असतील, हे एक संभाव्य उत्तर; परंतु ते सिद्ध व्हावयाचे आहे.

दुसरी अडचण तुलनेची आहे. भूगर्भात हवेचा दाब, आर्द्रता, वायूंचे प्रमाण हेही बदलते. जमिनीवरील व भूगर्भातील संवर्धांची केवळ तुलना केल्यास फरक कशामुळे पडला, हे सांगता येत नाही. म्हणून न्यू मेक्सिकोतील संशोधकांनी पुढील प्रयोगांत भूगर्भातच पोटॅशियम क्लोराइड ठेवून नैसर्गिक पातळीइतका किरणोत्सार पुन्हा निर्माण केला. स्थान तेच, फरक केवळ किरणोत्साराचा, अशी ही मांडणी सर्वाधिक विश्वसनीय ठरते.

समारोप

या प्रयोगांवरून किरणोत्सार हितकारक आहे असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. जीवाणू व पेशीसंवर्ध यांवरील निरीक्षणे मनुष्याच्या आरोग्यास थेट लागू होत नाहीत, आणि संरक्षणाचे नियम शिथिल करण्यास ती पुरेशी नाहीत. त्यांतून एवढेच दिसते की नैसर्गिक पातळीखालील सरळ रेषा हे आजही गृहीतकच आहे. शिवाय पेशीतील पोटॅशियममुळे किरणोत्सार पूर्ण शून्यावर आणणेही शक्य नसते. जे सर्वत्र आणि सदैव असते, त्याचा परिणाम जाणण्यासाठी ते काढून पाहावे लागते. मात्र काढताना दुसरे काही बदलले नाही ना, याची खात्री करणे हीच या संशोधनाची खरी कसोटी आहे.