खरेदीखत झाले म्हणजे प्लॉट झाला?

चाकण, वाळूज किंवा भिवंडीच्या आसपास शेडसाठी जागा शोधणाऱ्या लहान उद्योजकाला एजंट हमखास सांगतो, "खरेदीखत होतंय, सातबाऱ्याला नाव लागतंय, आणखी काय हवं?" एवढ्यावर विसंबून लोक आयुष्याची पुंजी लावतात, म्हणून हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा.

दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. जमिनीचे तुकडे नियमात पडले आहेत, अशी हमी तो देत नाही. दहा जणांनी एक एकर घेतला आणि दहाही नावे सातबाऱ्यावर चढली, तरी ते बहुतेक वेळा सामाईक हिस्सेदारच असतात. चुन्याने आखलेली चौकट सरकारी नकाशावर कुठेच नसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे जमिनीचे रेखांकन आणि पोटविभाजन हाही विकासच आहे, आणि त्याला नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. आराखड्यात औद्योगिक किंवा वाणिज्य वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला तुकडेबंदीतून सूट आहे. पण रेखांकनाच्या मंजुरीतून नाही.

"एन.ए. झालंय" हे दुसरे परवलीचे वाक्य. जमीन बिगरशेती होणे ही महसुलाची बाब. रस्ते, मोकळी जागा आणि भूखंडांच्या हद्दी ठरणे ही नगररचनेची. अख्ख्या गटाचा एन.ए. आदेश दाखवून त्यातले पाच गुंठे विकले जातात, तेव्हा आदेशासोबतचा मंजूर नकाशा मागायलाच हवा. महसूल संहितेच्या कलम ४४-अ नुसार खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराला काही अटींवर एन.ए. परवानगी लागत नाही, हे खरे. पण वापर सुरू केल्यापासून ३० दिवसांत तहसीलदाराला कळवावे लागते, आणि बांधकामाचे व रेखांकनाचे नियम तसेच लागू राहतात.

"कारखान्याला कशाला हवी बाग?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात साधारण १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, मग वापर कोणताही असो. पाळीवर आलेल्या कामगाराला घटकाभर टेकायला आणि आग लागली तर माणसांना जमायला तीच जागा असते. रस्त्याचेही तसेच. घरांच्या रेखांकनापेक्षा इथे रुंद रस्ता मागतात, कारण कंटेनर वळला पाहिजे आणि उभ्या ट्रकच्या बाजूने अग्निशमनचा बंब पुढे गेला पाहिजे. चिंचोळ्या गल्लीत रसायनांचे आणि पुठ्ठ्याचे गोदाम पेटले की प्रत्येक सोडलेल्या फुटाची किंमत कळते. हे फूट विकासकाच्या नफ्यातून जातात, म्हणूनच ते चोरले जातात.

शेतकरी नसलेल्याला औद्योगिक कारणासाठी शेतजमीन घेताच येत नाही, हाही समज चुकीचा. कूळ कायद्यात कलम ६३-१अ त्यासाठीच आहे; मात्र ठरलेल्या मुदतीत उद्योग उभा राहिला पाहिजे.

एमआयडीसीचे मात्र वेगळे. तिथला भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो आणि महामंडळाची स्वतःची विकास नियमावली चालते. त्यामुळे तो भूखंड दोन भावांत वाटायचा झाला, तरी आपसातल्या वाटणीपत्राने काम होत नाही. आधी महामंडळाची परवानगी घ्यावी लागते.