सतरा नंबरचा अर्ज

शाळा सुटली की शिक्षण संपले, असे आमच्या फुलचूरला अनेकांना वाटते. परंतु १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते. पाचवी उत्तीर्ण व वयाची १४ वर्षे पूर्ण हवीत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो नसल्यास द्वितीय प्रत व प्रतिज्ञापत्र. अर्ज ऑनलाइन भरून कागदपत्रे संपर्क केंद्राच्या शाळेत द्यावीत.

अडचण एवढीच, की मुदत येते पावसाळ्यात आणि बाया असतात धानाच्या रोवणीत. सातवी झालेल्या माझ्या आईची दोनदा मुदत हुकली. यंदा दाखला उन्हाळ्यातच काढला. आता रात्री ती बीजगणित सोडवते, मी तपासतो. मित्रहो, आपल्याही घरी असे कोणी असेल, तर दाखला आजच शोधा.