पंखा सरकारी, बिल आपलं!

दाखल्यासाठी पलूसच्या तहसील कार्यालयात थांबला असाल, तर एकदा मान वर करून पंखा बघा. जुना असेल तर तो साधारण ७५ वॅटचा असणार. बीएलडीसी मोटारचा पंखा जवळपास तेवढाच वारा ३५ वॅटमध्ये देतो. किर्लोस्करवाडीच्या शेजारी वाढलेल्यांना मोटारीतला फरक वेगळा सांगायला नको!

आता हिशेब करा. एका इमारतीत असे १०० पंखे, रोज ८ तास, वर्षाला २५० दिवस. पंख्यामागे ४० वॅट वाचले, तर वर्षाला ८,००० युनिट वाचतात. हे पैसे कोण भरतं? आपणच, करातून.

मग बदलत का नाहीत? खरेदी करताना स्वस्त पंखा परवडतो. बिल मात्र पुढची दहा-पंधरा वर्षं येत राहतं. सुरुवातीच्या खर्चावरही तोडगा आहे. २०१७ मध्ये राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने सरकारी इमारतींसाठी ‘ईईएसएल’ या कंपनीशी करार केला. पद्धत सोपी : एलईडी दिवे, पंखे बसवायचा खर्च आधी कंपनी करते, वाचलेल्या बिलातून तो फेडला जातो.

तुम्ही काय कराल? सुट्टीत चौघं मिळून गावच्या झेडपी शाळेतले, ग्रामपंचायतीतले दिवे-पंखे मोजा. वॅट लिहून घ्या, वर्षभराची बिलं मागा आणि तो कागद येत्या ग्रामसभेत मांडा. ‘वीज वाचवा’ची पाटी भिंतीवर असतेच. तिच्याशेजारी आकडा ठेवला, की उत्तर द्यावंच लागतं.