बुटाची टाच आणि कापडाचा हिशेब

कापडाच्या गादीवर बसणाऱ्याने बुटांची चौकशी कशाला करावी, असे कोणी विचारील. काही वर्षांपूर्वी मी लेडीज पँटचा एक लॉट उंच टाचेच्या मापाने शिवून घेतला. माल तयार होईपर्यंत सपाट चपलांची चलती आली. प्रत्येक नग खालून दोन इंच कापावा लागला. कापड गेले, मजुरी गेली. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाच्या पायाकडे आधी पाहतो. म्हणून प्लॅटफॉर्म आणि म्यूल या दोन प्रकारांची ही माहिती.

प्लॅटफॉर्म म्हणजे पंजाखालीही जाड तळ असलेले पायताण. पाच इंची टाचेला पुढे दोन इंची तळ दिला, तर पायाला उतार तीन इंचांचाच लागतो. उंची मिळते, त्रास कमी होतो. मात्र जाड तळ वाकत नाही, त्यामुळे घोटा मुरगळण्याचा धोका असतो. १९९३ मध्ये पॅरिसच्या शोमध्ये व्हिव्हियन वेस्टवुड यांचे असे बूट घालून चालताना नाओमी कॅम्पबेल ही नामांकित मॉडेल पडली होती.

हा प्रकार जुनाच. तुर्कस्तान, सीरिया, इजिप्त येथील हमामखान्यांत कबकाब नावाच्या लाकडी खडावा वापरत. ओल्या, गरम फरशीपासून पाय वाचावा हा हेतू. श्रीमंतांच्या कबकाबवर शिंपल्याचे जडावकाम असे. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलीच्या व्हेनिस शहरात स्त्रिया चोपीन घालू लागल्या. काही चोपीन अर्धा मीटर उंच होत्या. चालताना दासीचा आधार घ्यावा लागे. चोपीन झग्याखाली झाकलेली राही, पण तिच्यामुळे झगा तेवढा लांब शिवावा लागे. भारी कापड जास्त लागले, म्हणजे घराण्याची श्रीमंती दिसली. जोडे करणाऱ्याच्या हुन्नरावर कापडवाल्याचाही फायदा झाला!

१९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला आणि तिच्यावर व्यापारी निर्बंध आले. बुटाला आधार देणारी चांगली पोलादी पट्टी मिळेना. तेव्हा साल्वातोरे फेरागामो या कारागिराने बुचाचा भरीव तळ बनवला. १९३८ मध्ये त्याने जूडी गार्लंड या नटीसाठी केलेले रंगीत थरांचे प्लॅटफॉर्म सँडल आजही नावाजले जातात. टंचाईतून नवा माल निघाला. १९७०च्या दशकात प्लॅटफॉर्म पुन्हा आले, पुरुषांच्याही पायात, आणि त्यांच्यावर बेलबॉटमचा घेर शोभला.

म्यूल म्हणजे मागून उघडी, पुढून झाकलेली जोडी. अठराव्या शतकात फ्रान्सच्या श्रीमंत घरांत ती फार चालली. फ्रागोनार या चित्रकाराच्या झोपाळ्याच्या प्रसिद्ध चित्रात स्त्रीच्या पायातून म्यूल उडालेली दिसते. हाच तिचा दोष. मागे आधार नसल्याने सारा भार वरच्या पट्ट्यावर येतो. पट्टा सैल तर पाय निसटतो, घट्ट तर बोचतो. फायदा असा की चामडे कमी लागते आणि मापात थोडा फरक खपतो.

कारागीर बांधवांनी जुने फरमे मोडीत काढू नयेत; फॅशन फिरून येते, फक्त तळाचा माल बदलतो. आणि तयार कपडेवाल्यांनी कात्री चालवण्याआधी शेजारच्या बूटवाल्याला एकच प्रश्न विचारावा: यंदा टाच किती इंची चालली आहे?